गोझो बेट आणि आपला पन्हाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूमध्य समुद्रातील माल्टा देशाच्या गोझो या खडकाळ बेटावर आम्ही नुकतीच छोटी सुट्टी घालवली. जेमतेम ६७ चौरस किलोमीटरच्या या बेटावर मुख्य बेटावरून फेरीबोटीने सुमारे २५ मिनिटांत पोहोचता येते, त्यामुळे अनेक पर्यटक सायंकाळी परततात. मात्र किनाऱ्याच्या खडकात कोरलेली मिठागरे आणि चुनखडीचे उभे कडे मुक्काम केल्याशिवाय मनाजोगे पाहून होत नाहीत. तेथील ‘अ‍ॅझ्युअर विंडो’ ही प्रसिद्ध नैसर्गिक कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली. निसर्गापुढे इलाज नसतो, हे खरे. पण माणसाच्या पावलांनी होणारी झीज निश्चित रोखता येते. पाच हजारांहून अधिक वर्षे जुन्या जगन्तिया मंदिरांत प्राचीन जमिनीला धक्का लागू नये म्हणून पर्यटकांना उंचावलेल्या मार्गिकेवरूनच चालावे लागते, आणि ही शिस्त मला फार भावली.

आपला पन्हाळा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या तटबंदीवर चढून छायाचित्रे काढण्यास बंदी घालावी आणि निदान तीन दरवाजा व अंधारबाव परिसरात तरी अशी मार्गिका उभारावी, अशी पुरातत्त्व विभागास कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, कोल्हापूर