सायकलस्वाराचा रेनकोट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की पुण्यातील दुकानांच्या दारांवर रेनकोट लटकू लागतात. यंदा असाच एक घेण्यास गेलो असता, ‘हा सायकलवर चालेल का?’ या माझ्या प्रश्नावर ‘सायकल काय नि स्कूटर काय, पाऊस तोच’ असे उत्तर मिळाले. पाऊस तोच असतो हे खरे. परंतु स्कूटरवरचा माणूस स्वस्थ बसलेला असतो आणि सायकलवरचा घाम गाळत असतो, हा फरक ना विक्रेत्याच्या ध्यानात येतो, ना वेष्टनावर कोठे छापलेला आढळतो. गेली बारा वर्षे कोथरूड ते येरवडा हा प्रवास सायकलने करीत असल्याने याविषयी चार शब्द लिहीत आहे.

साध्या प्लास्टिकच्या रेनकोटात पावसाचा थेंब आत येत नाही आणि घामाची वाफही बाहेर जात नाही. त्यामुळे कचेरीत पोहोचल्यावर सदरा पिळावा लागतो तो लागतोच. यावर उपाय म्हणून ‘श्वास घेणारी’ महाग जॅकेटे सुचवली जातात. १९६९ साली बॉब गोअर यांनी टेफ्लॉन या नावाने ओळखला जाणारा पदार्थ झटक्याने ताणून जो सच्छिद्र पडदा तयार केला, त्यातून या जॅकेटांची परंपरा सुरू झाली. पडद्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाला अडवतात आणि वाफेला वाट देतात. अशा जॅकेटावर बहुधा दोन आकडे असतात. पहिला, कापडावर पाण्याचा किती मिलिमीटर उंच स्तंभ उभा केल्यावर ते झिरपू लागते याचा. दुसरा, एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते याचा. दुसरा आकडा मोजण्याच्या पद्धती एकाहून अधिक असल्याने दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करून फारसे काही हाती लागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील, म्हणजे हवेतील वाफेच्या दाबातील, फरकामुळे. युरोपातील आठ अंशांच्या थंड पावसात हा फरक मोठा असतो. आपल्याकडे जुलैत पंचवीस अंश तापमान आणि नव्वद टक्के आर्द्रता असताना बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते आणि तो फरक बराच खाली येतो. म्हणजे दहा-बारा हजार रुपये मोजून घेतलेला पडदा ज्या हवेसाठी बनला, ती हवाच येथे नाही. माझ्या मते आपल्या पावसात कापडापेक्षा वाऱ्याची वाट महत्त्वाची आहे. काखेत उघडणाऱ्या चेन, पाठीवर झडपेखाली जाळी आणि खालून मोकळा घेर असलेले मध्यम किमतीचे जॅकेट चढावर अधिक सुखाचे ठरते.

आकाराविषयीही तेच. हँडलवर वाकले की साधा रेनकोट पाठीमागे वर सरकतो आणि कंबर उघडी पडते. म्हणून मागची बाजू लांब आणि बाह्या मनगटापुढे येतील इतक्या हव्यात. भातलावणीच्या वेळी कोकणात वापरले जाणारे इरले आठवावे. कामट्यांचा सांगाडा आणि पानांचे आच्छादन वाकलेल्या पाठीचाच विचार करून घडवलेले असते, आणि खालून वारा खेळता राहतो. टोपी हेल्मेटच्या आत बसेल अशी आणि मान वळवल्यावर मानेबरोबर वळणारी असावी, अन्यथा मागचे वाहन पाहू जाता टोपीचे अस्तर दिसते. (मागच्या चाकाला मडगार्ड नसेल, तर पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतोच, तेथे जॅकेटाला दोष देण्यात अर्थ नाही.)

शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे जॅकेट उलटे करून पाहावे, कारण पाणी प्रथम सुईच्या छिद्रांतूनच शिरते. पावसाळा संपल्यावर ओलसर घडी करून माळ्यावर टाकल्यास आतला लेप दमटपणाने सुटतो आणि पापुद्रे पडतात. कपडे मऊ करणारी द्रव्ये वापरल्यास वरच्या कापडावरून थेंब घरंगळणे थांबते.

सर्वांत अधिक खटकतो तो रंग. मोठ्यांसाठीचे बहुतेक रेनकोट काळे, गडद निळे किंवा करडे असतात. भर दुपारी अंधारून आलेले असताना, काचेवर वायपर फिरवणाऱ्या चालकाला असा सायकलस्वार डांबराच्या रंगात मिसळून जातो. झगझगीत पोपटी-पिवळा रंग अशा अंधुक उजेडात उठून दिसतो, मात्र रात्री तो कुचकामी असतो; तेव्हा दिव्याचा प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्याच कामी येतात, आणि त्या छातीपेक्षा सतत हलणाऱ्या घोट्यांवर असल्यास चालकाच्या लवकर लक्षात येतात.

आपल्या वृत्तपत्रातून उत्पादकांना इतकीच विनंती पोहोचावी की, किंमत आणि निर्मितीचा महिना छापता तेथेच पाणी अडवण्याचा आकडा, शिवणी बंद आहेत की नाहीत हे, आणि वायुवीजनाची सोय छापावी. तसेच प्रत्येक मापात एक तरी उठावदार रंग ठेवावा. यंदा चार दुकाने फिरल्यावर मला पिवळा रेनकोट सापडला, तो इयत्ता तिसरीच्या मापाचा होता.

आपला,
एक सायकलस्वार, कोथरूड, पुणे