भितले बी तहान लागस

अमळनेर,
आषाढ वद्य

चि. सौ. वैशू हीस नानाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही. ती म्हणते मीच आपटला. असेल. फोनवर आपलं लगेच वाजतं, म्हणून कागद घेतला. यात फक्त भिंतीचं लिहायचं असं ठरवून बसलोय.

फोटो तीनदा मोठा करून बघितला. चिमाच्या खोलीची ती भिंत विटांची नाही, जिप्सम बोर्डाची आहे. दोन कागदांच्या मधे जिप्सम, मागे पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा. तिचा वैरी एकच, पाणी. भिजलं की भुसभुशीत, आणि वाळलं तरी पहिल्यासारखं होत नाही. खाली हातभर भाग फुगलाय आणि पलीकडे बाथरूम. तेव्हा आधी प्लंबर, मग रंग. गळती तशीच ठेवून वरून लांबी, म्हणजे पुट्टी, ओढलीस तर दिवाळीला पापुद्रे हातात येतील.

प्लंबरचं झालं, भिंत वाळली, की अंगठा दाबत दाबत वर जा. रुततो तिथून चार बोटं पुढे धर, पेन्सिलीने चौकोन आख आणि काप. मेन स्विच बंद करून. आत वायर कुठून गेली असेल ते बिल्डरलाही आठवत नसेल. चौकोनच काप, गोल नको, ठिगळ बसवताना कळेल का ते. मागे लाकडाच्या दोन पट्ट्या आडव्या धरून स्क्रूने पक्क्या कर, त्यांच्यावर नवा तुकडा. जाडी मोजून आण. बहुतेक १२.५ मिलीमीटर निघेल, पण मोज. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत बसलं पाहिजे, कागद फाटता कामा नये. कागद फाटला की स्क्रूची पकड गेली. आत काळी बुरशी दिसली तर नुसत्या तोंडाने वाकून बघू नकोस, आधी मास्क.

बघ, आलंच.

ते राहू दे. सांध्यावर कागदी टेप. आधी खाली लांबी, तिच्यात टेप बसव, लांबी ओढायच्या पट्टीने दाबत ने, आत हवा राहिली की फुगा येतो. मग वरून तीन हात, प्रत्येक हात पातळ आणि आधीच्यापेक्षा रुंद. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. पावसाळा आहे, एका दिवसात वाळेल या भरवशावर राहू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. सहावीत असताना माझा रंगाचा दुसरा डबा पहिल्याशी जुळेना, तर तू वहीत हिशेब मांडून किती निळा घालायचा ते सांगितलंस, आणि मी ढवळून पुरा करायच्या आत ब्रश उचललास. रंग जुळला होता मात्र. गुजराथी शेटजींना मी ते चार वर्षं सांगत होतो. तू प्रताप कॉलेजात फिजिक्स घेतलंस तेव्हा परत सांगितलं.

मग घासायचं. इथेच आपलं वाजलं.

तू विचारलंस, "नाना, तुम्ही कधी बांधलं होतं तोंडाला?" नाही बांधलं. आम्ही रुमाल बांधायचो तो डोक्याला, केस पांढरे होऊ नयेत म्हणून. तोंड उघडंच. लांबीची धूळ, जुन्या दारांचा ऑइल पेंट घासलेला, त्यावरच डबा उघडून जेवायचो. त्या जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वदच्या, वर नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, तेव्हा माझे हात थकायला आले होते. तुझा फ्लॅट त्याआधीचा आहे ना? मग जुना रंग कोरडा घासूच नकोस. नवी लांबीसुद्धा ओल्या स्पंजाने घासता येते, धूळ उडतच नाही म्हण. वेळ लागतो, लागू दे. साधा रुमाल बारीक धुळीला अडवत नाही, एन ९५ लागतो. आणि चिमाला त्या दिवशी वन्संकडे पाठव. रांगतं पोर, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं.

पुन्हा भाषण झालं. माफ कर. तुला कळत नाही असं मला म्हणायचं नव्हतं, परवाही नव्हतं.

माझी माय कानबाईच्या आधी घर पांढरं करायची. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाई बसणार, म्हणून धाब्याच्या घराच्या त्या ढेकळ्या भिंती आधी शेणामातीने लिंपून घ्यायची, मग चुना. चुन्याआधी भिंतीवर पाणी शिंपडायची. मी घाई केली की म्हणायची, "भितले बी तहान लागस." कोरड्या भिंतीवर मारलेला चुना हाताला लागतो, हे मला पुढे धंद्यात कळलं, तिला आधीच ठाऊक होतं. तुझ्या बोर्डाला पाणी पाजायचं नाही, पण तहान तीच. नवी लांबी रंग पिऊन टाकते, बाजूचा जुना रंग पीत नाही, आणि दोन हात मारले तरी ठिगळ उठून दिसतं. म्हणून आधी प्राइमर. प्राइमरच्या आधी रात्री दिवा भिंतीला चिकटवून तिरपा धर, सगळे उंचवटे कबूल होतील. ती स्वतःही चुन्याच्या भुकटीत खोकायची. आम्ही म्हणायचो पावसाळ्याचं आहे.

बापूमामा शुक्रवारी पुण्याला येतोय. त्याच्याजवळ कळण्याचं पीठ, भरताची वांगी आणि माझी सहा इंची पट्टी देतोय. मूठ गुंडाळलेली आहे, तीच. धार लावलीये. खाली पिशवीत वीस मास्क आहेत, ते बघून हसशील. जावईबापूंना पण एक दे. ते भिंतीला हात लावणार नाहीत हे मला माहीत आहे, पण खोलीत येऊन "झालं का" विचारतील.

तुझा
नाना

ता. क. आईने सांगितलंच असेल, छातीचा फोटो काढलाय, रिपोर्ट मंगळवारी. तू येऊ नकोस. टेप लावून भिंत अर्धी सोडायची नसते.