नाव कापून कोणाची प्रसिद्धी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवरील छायाचित्रांच्या वापराविषयीचा आपल्या कालच्या अंकातील लेख वाचला. शुभेच्छासंदेशासाठी परवानगीचा बाऊ कशाला, खाली ‘साभार : इंटरनेट’ लिहिले की पुरे, हे लेखकमहाशयांचे मत उदार आहे खरे, परंतु हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्यांची उदारता अशीच असते.

जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा अभिनंदनाच्या संदेशांना ऊत आला होता. आमच्या भागातील एका मंडळाने फिरवलेल्या संदेशावर राजगडाच्या सुवेळा माचीवरील नेढ्याचे, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या नैसर्गिक भोकाचे, छायाचित्र होते आणि ते मी काढलेले होते. कोपऱ्यातील माझे नाव कापून तेथे अध्यक्षांची हात जोडलेली छबी बसवली होती आणि वर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘किल्ले रायगड’! दोन्ही स्वराज्याच्या राजधान्या, तेव्हा मंडळाला फारसा फरक वाटला नसावा. चिटणिसांना दूरध्वनी केला, तर म्हणाले, “काका, फोटो नेटवरचाच आहे. उलट तुमची प्रसिद्धी झाली!” नाव कापल्यावर ती नेमकी कोणाची झाली, याचा खुलासा त्यांनी केला नाही. निदान किल्ल्याचे नाव तरी दुरुस्त करा, असे विनवले, तर “आता सगळीकडे गेलं” असे उत्तर मिळाले. छायाचित्रकाराचे नाव तसेच राहिले असते, तर एखाद्या चौकस वाचकाने त्याच्याकडे विचारणा तरी केली असती.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. या हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि तो कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. कलम ५७ नुसार तर हक्क दुसऱ्याला देऊन टाकल्यावरही ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन यांना कलम ५२ ने वाजवी मोकळीक दिली आहे. अध्यक्षांच्या छबीसाठी तशी काही सवलत असल्याचे माझ्या वाचनात नाही. ज्यांना परवानगी मागण्याचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी विकिमीडिया कॉमन्स या मुक्त वापराच्या चित्रांच्या संकेतस्थळावर गडकिल्ल्यांची भरपूर छायाचित्रे आहेत. तेथेही बहुतेकांची मुख्य अट छायाचित्रकाराचे नाव आणि परवान्याचा उल्लेख करण्याची असते. ‘सौजन्य : गूगल’ लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की गूगल छायाचित्र शोधून देते, नेढ्यापर्यंत चढून जात नाही.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखासोबत आपण चार रकाने रुंद छायाचित्र छापले आहे आणि त्याखाली ‘संग्रहित छायाचित्र’ एवढेच म्हटले आहे. ते आपल्या पगारी छायाचित्रकाराचे असेल, तर कायद्याने हक्क बहुधा आपलाच, हे मान्य. तरी त्याचे नाव पुढील अंकात छापावे, ही विनंती.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार, भोर