मॅडम, त्या बहिणींच्या सह्यांसाठी आभार

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

तुम्ही यंदा प्रॅक्टिस थांबवताय हे कळल्यापासून चेंबरमधल्या जुन्या-नव्या ज्युनिअर्सचे एकमेकांना फोन चालू आहेत. शाल-श्रीफळ तुम्हाला चालणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणून मी पत्र लिहायला घेतलं. उघड लिहिते आहे, कारण वीज आणि पायाभूत प्रकल्पांचा वकील करतो तरी काय, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. घरच्या विजेच्या बिलाचा दर ज्या करारांतून ठरतो, ते करार तुम्ही आयुष्यभर तपासलेत.

जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवून मी मुंबईला आले, तेव्हा मेगावॉट आणि युनिट यांतला फरकही मला सांगता येत नव्हता. तुम्ही पहिल्याच आठवड्यात कोकणातल्या दाभोळ वीजप्रकल्पाचे कागद हातात दिलेत. डिसेंबर १९९३ चा तो वीजखरेदी करार. वीज घेतली नाही तरी राज्य वीज मंडळाने क्षमतेचा आकार, म्हणजे प्रकल्प वीज द्यायला सज्ज असल्याचे पैसे, भरायचे, दर डॉलरशी बांधलेला, मंडळाच्या मागे राज्याची हमी आणि तिच्या मागे केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये तो रद्द झाला, १९९६ मध्ये नव्या अटींवर पुन्हा मान्य झाला, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रकल्पाची मुख्य मालक असलेली अमेरिकन कंपनी एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

हा इतिहास वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलेला. तुम्ही मात्र मला पेन्सिल दिलीत आणि प्रत्येक अटीपुढे समासात एवढंच लिहायला सांगितलंत: हा धोका कुणाच्या माथी? रुपया घसरला तर कोण भरणार, मागणी वाढली नाही तर कोण, इंधन महागलं तर कोण. संध्याकाळपर्यंत समास भरला. मंडळ, मंडळ, पुन्हा मंडळ. तुम्ही पान बघितलंत आणि विचारलंत, “आणि मंडळ कुणाकडून घेणार?” आजही कुठलाही मसुदा आला की मी आधी समासात पेन्सिल चालवते.

अशिलाला न आवडणारं उत्तर पहिल्याच बैठकीत द्यायचं, हेही तुमच्याकडूनच शिकले. आयात कोळसा महागला म्हणून करारातून सुटका मागणारे यायचे, तेव्हा तुम्ही सांगायचात की न परवडणं म्हणजे अशक्य होणं नव्हे. एप्रिल २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं: इंडोनेशियाच्या नियमांमुळे तिथला कोळसा महागला, तरी त्याला दैवी आपत्तीचं कलम लागत नाही; भारतातल्या कायद्यातल्या बदलाची भरपाई मात्र करारानुसार मागता येते. निकालानंतर तुम्ही एकदाही “मी म्हटलं नव्हतं का” असं म्हणाला नाहीत.

पण माझे खरे आभार सोलापूर जिल्ह्यातल्या त्या सौर प्रकल्पासाठी आहेत.

जमीन भाडेपट्ट्याने घ्यायची होती. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं. वडील वारल्यावर वारस नोंद झाली होती, तीत बहिणी नव्हत्याच. कंपनीला घाई होती, आणि ती खोटी नव्हती. वीजखरेदी करारावर सही झाली की प्रकल्प सुरू करायच्या तारखेचं घड्याळ लागतं. उशीर झाला तर दंड, नाहीतर बँक गॅरंटीच वटवली जाते. त्यांचा माणूस म्हणाला, “भाऊ तयार आहेत, बहिणींचं पुढं बघू.” मंडळी हक्कसोडपत्राचा मसुदाही घेऊन आली होती.

तुम्ही तो मसुदा बाजूला ठेवलात. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्यासाठी वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही हे २०२० च्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट केलंय, हे तुम्ही कंपनीच्या लोकांना समजावलंत. कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील हाच प्रश्न विचारेल, हेही सांगितलंत. त्यांना दुसरा मुद्दा जास्त पटला. तुम्हाला कुठला महत्त्वाचा वाटत होता, ते मला गावी गेल्यावर कळलं.

थोरल्या बहिणीच्या सासरी, ओट्यावर बसून तुम्ही भाडेपट्टा वाचून दाखवलात. इंग्रजी मसुद्यातलं एकेक कलम, आपल्या साध्या मराठीत. भाडं किती, दरवर्षी किती वाढणार, कंपनी बुडाली तर जमीन कशी परत मिळणार, पाण्याच्या पाइपाची वाट कुणाची. त्या सगळ्या बहिणी ऐकत होत्या. मधलीने विचारलं, “पैसे भावाच्या खात्यात का माझ्या?” तुम्ही म्हणालात, “तुमच्या. तसं लिहू.” आणि तिथल्या तिथे मसुद्यात कलम घातलंत.

मग वारस दुरुस्तीचा फेरफार, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. कंपनीचे लोक रोज फोन करत होते आणि तुम्ही रोज शांतपणे तारीख सांगत होतात. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बहिणींनी सह्या केल्या, अंगठे दिले, फोटो काढून घेतले. धाकटीने नव्या सातबाऱ्याची प्रत मागून घेतली आणि पदराखाली धरून बाहेर आली.

कंपनीची वकील असताना समोरच्या बाईचा हक्क जपणं हे कंपनीचंही भलं असतं, हे तुम्ही मला दाखवलंत. आता माझ्याही हाताखाली मुलं आहेत आणि जमिनीच्या मालकीचा शोध अहवाल आला की मी वंशावळ मागते. चिडतात. चिडू देत.

एक विनंती आहे. भाडेपट्ट्यांवरच्या तुमच्या हाताने लिहिलेल्या टिपणांच्या वह्या कपाटात राहू नयेत. सौर प्रकल्पांसाठी आज गावोगाव जमिनी मागितल्या जातायत आणि शेतकऱ्यांना विचारायला कुणी नाही. तुम्ही परवानगी द्या, मी मराठीत टंकून काढते. पुढच्या रविवारी दुपारी घरी येऊ का?

आपली कृतज्ञ,
चेंबरमधली एक जुनी ज्युनिअर