सूचना: एकाच भेटीत बाळाला अनेक लसी देताना

सर्व लसटोचक सदस्यांसाठी,

देय असलेल्या सर्व लसी त्याच भेटीत द्या. "आज एकच, बाकीच्या पुढच्या वेळी" असे केले की पुढची भेट हुकते आणि बाळ तेवढे दिवस आजारासमोर उघडे राहते. रोज असंख्य जंतूंना तोंड देणाऱ्या बाळाच्या प्रतिकारशक्तीवर या लसींचा भार पडत नाही, हे पालकांना शांतपणे सांगा.

तोंडाचे डोस आधी पाजा. इंजेक्शननंतर रडणारे बाळ ते नीट गिळत नाही. जुलाबावरच्या, तोंडाने पाजायच्या रोटाव्हायरस लसीची गोड चव पुढच्या टोचणीची वेदनाही थोडी कमी करते. स्नायूतील लस मांडीच्या मध्यभागी, पुढच्या-बाहेरच्या बाजूला द्या. कुल्ल्यावर नको: तिथे चरबी जास्त असते आणि सायटिक नसेला इजा होऊ शकते. एकाच मांडीत दोन लसी देताना किमान 2.5 सेंमी अंतर हवे. जास्त दुखणारी लस शेवटी.

प्रत्येक लसीला वेगळी सिरिंज, वेगळी सुई. दोन लसी एका सिरिंजमध्ये कधीही मिसळू नका.

कार्डावर "डावी मांडी, वरची" इतके स्पष्ट लिहा. नुसते "मांडी" लिहिले तर सूज कोणत्या लसीची, हे नंतर कळत नाही. ही नोंद अनेकदा लिहायची राहून जाते.

टोचायच्या दोन जिवंत लसी (कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या) एकाच दिवशी दिल्या नाहीत, तर मध्ये किमान 28 दिवस ठेवा.