बहिणीला 1500, सोयाबीनला काय? (नोव्हेंबर 2024 मधलं पत्र)

संपादक साहेब, 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान आहे पण आमच्या घरात अजून एकमत नाही. आई म्हणते लाडकी बहीणचे 1500 खात्यात पडले ना मग बास, आता महायुती म्हणतेय 2100 देऊ, महाविकास आघाडी म्हणतेय 3000, लिलाव चाललाय नुसता. इकडे सोयाबीनचा यंदाचा हमीभाव क्विंटलला 4892 आणि आडत्या मूठभर दाणे हातात चोळतो, ओल आहे म्हणतो आन भाव पाडतो, त्यावर कोण बोलणार? वडलांचं वेगळंच, धनुष्यबाण इकडे मशाल तिकडे, घड्याळ पुतण्याकडे तुतारी काकांकडे, मी 2019 ला नक्की कुणाला मत दिलं तेच विचारतात (मलापण सांगता आलं नाही). मुख्यमंत्री कोण विचारलं तर निकालानंतर बघू. म्हणजे नवरदेव न बघताच अक्षता टाकायच्या होय?

– एक वाचक, लातूर