अमेयला पुन्हा विचारू नकोस

प्रिय रेवा,

परवा फोनवर तू रडलीस आणि मी विषय बदलला. समोरासमोर मला असलं बोलता येत नाही, म्हणून लिहिते. चिडायचं असेल तर बसून चीड, सातवा महिना चालू आहे.

माझ्या मज्जेच्या प्रत्यारोपणासाठी तू किंवा तुझा भाऊ अमेय दाता होऊ शकेल, हा तुझा हिशेब चुकलेला नाही. मुलाच्या ऊतींच्या खुणा अर्ध्या आईकडून आणि अर्ध्या वडिलांकडून येतात. म्हणजे तुम्ही दोघं माझ्याशी निम्मे जुळणारच. पूर्वी निम्म्यावर भागत नसे. आता प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड नावाचं औषध देतात, ते नव्या पेशींमधल्या भांडखोर पेशी मारतं आणि निम्मी जुळणीही चालून जाते. तू गरोदर म्हणून बाद. राहिला अमेय. त्याच्या तपासण्या झाल्या आणि निरोप आला, ‘कुटुंबात योग्य दाता नाही.’ एवढंच. कारण नाही, कागद नाही. तू अमेयला फोन लावलास, तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्यावरून ‘त्यानेच नकार दिला’ असा निकाल देऊन तू मोकळी झालीस. दोन महिने झाले, तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत.

आता मला काय माहीत आहे ते सांगते. त्या एका वाक्यामागे काहीही असू शकतं. त्याच्याच तपासणीत काही निघालं असेल आणि ते त्याला आपल्याला सांगायचं नसेल. किंवा दोष माझ्याच रक्तात असेल. बाई गरोदर असते तेव्हा बाळाला बापाकडून मिळालेल्या खुणांविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, ती पुढे कित्येक वर्षं टिकतात, आणि त्यापायी पोटच्या मुलाच्याच पेशी आईचं शरीर नाकारू शकतं. किंवा तो नाही म्हणाला असेल. यांतलं कोणतं खरं, ते मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

ते वाक्य मुद्दामच मोघम ठेवलेलं असतं, रेवा. दात्याला रुग्णाच्या डॉक्टरांनी तपासायचं नाही, वेगळ्या डॉक्टरांनी त्याला एकट्याला भेटायचं, अशी शिस्त चांगल्या ठिकाणी पाळतात. तिथे तो ‘मला नको’ म्हणाला, तर बाहेर निरोप एवढाच येतो की दाता योग्य नाही. काहींना ही लबाडी वाटते. मला पहिल्या दिवशी वाटली होती. आता वाटतं, घरातल्या माणसाला नाही म्हणता यावं एवढी जागा कुणीतरी बाहेरच्यानेच राखून ठेवावी लागते. घरात ती नसते. मी अमेयला ‘तुझी इच्छा असेल तरच’ असं म्हटलं होतं, तुझ्यादेखत. पण केस गळालेली, हातावर सुयांच्या काळ्या-निळ्या खुणा असलेली आई ‘इच्छा असेल तर’ म्हणते, तेव्हा ते विचारणं असतं का? मला त्या वाक्याची अजून लाज वाटते.

तू म्हणालीस, पाच दिवस इंजेक्शनं, हाडं दुखतात, मग चार-पाच तास यंत्राला हात लावून पडायचं, एवढंच तर आहे. खरं आहे, एवढंच आहे. पण मागणाऱ्याने ‘एवढंच’ म्हणू नये.

१९७८ साली अमेरिकेत पिट्सबर्गला असा खटला झाला होता. रॉबर्ट मॅकफॉल नावाच्या माणसाची अस्थिमज्जा निकामी झाली होती. त्याचा भाऊ, सख्खा नव्हे, नात्यातला, पहिल्या तपासणीत जुळला आणि पुढच्या तपासणीला यायला नकार देऊन बसला. मॅकफॉल कोर्टात गेला. न्यायाधीशांनी त्या भावाचं वागणं नैतिकदृष्ट्या असमर्थनीय आहे असं स्पष्ट म्हटलं आणि तरीही सक्ती करायला नकार दिला. थोड्याच दिवसांत मॅकफॉल गेला. मी ही हकिकत पहिल्यांदा वाचली ती पूर्णपणे मॅकफॉलच्या बाजूने. मीही अंथरुणावरच होते ना. पण कल्पना कर, कोर्टाने उलट सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी काय घडलं असतं? पोलीस, बांधलेला माणूस, कमरेच्या हाडात सुई. त्या मज्जेवर जगायला मला जमलं नसतं. तू अमेयला रोज एक मेसेज पाठवतेस. त्यात पोलीस नाहीत, एवढाच फरक.

तू विचारशील, आणि विचारायलाच हवं, की तू सहा वर्षांची असताना हा आजार तुला झाला असता तर मी इतकी शहाणी राहिले असते का. नसते. २००० साली अमेरिकेत एका जोडप्याने ते केलं. मुलीला फॅन्कोनी ॲनिमिया, म्हणजे मज्जा निकामी करणारा आनुवंशिक आजार, होता. त्यांनी प्रयोगशाळेत गर्भ तयार करून घेतले, त्यांतून आजार नसलेला आणि बहिणीशी जुळणारा गर्भ निवडला, आणि त्या बाळाच्या नाळेतल्या रक्ताने बहिणीला वाचवलं. आकडा बघ : आजार नसण्याची शक्यता चारांत तीन, पूर्ण जुळण्याची चारांत एक. दोन्ही एकत्र म्हणजे सोळांत तीन. बाकीच्या तेरांतले कितीतरी गर्भ निरोगीच असतात, फक्त जुळत नाहीत. हे मला टोचतं. तरीही मी केलं असतं. नाळेचं रक्त काढताना बाळाला काही होत नाही, ते एरवी टाकूनच देतात. माझी भीती पुढची आहे. नाळेच्या रक्ताने काम झालं नाही, तर त्याच मुलाची पाच वर्षांचं झाल्यावर मज्जा, पंधराव्या वर्षी मूत्रपिंड. त्याला नाही म्हणायला कुठल्या दाराआड नेणार? निर्णय घेणारे आई-बाप तेच, ज्यांचं दुसरं मूल मरतंय. अशा वेळी आई-बापाच्या हातात सगळं सोपवणं मला धोक्याचं वाटतं, आणि हे एक आईच लिहिते आहे.

त्या जोडप्याला मी नावं ठेवत नाही. मुलासाठी केलं असतं ते मी स्वतःसाठी मुलाकडून मागू शकत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. हे तर्कात बसत नसेल. न बसू दे.

तू पाठवलेली जनुकसंपादनाची कात्रणं वाचली. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरचं ते नवं औषध, २०२३ साली आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्य केलेलं. त्यात रुग्णाच्याच पेशी काढतात, क्रिस्पर नावाच्या जनुकं कापायच्या तंत्राने बदलतात आणि परत देतात. मला त्यातलं विज्ञान अर्धंमुर्धं कळलं, पण एक गोष्ट चटकन कळली : कुणापुढे हात पसरायचा नाही, कुणाला गप्प बसायला लागत नाही. माझ्या आजारासाठी ते नाही, हे तुलाही माहीत आहे. तरी वाचून बरं वाटलं.

राहता राहिली नव्या उपचाराची ती चाचणी, जिचा फॉर्म तू भरून ठेवला आहेस. ती पहिल्या टप्प्याची आहे. पहिल्या टप्प्यात मुख्यतः किती मात्रा सोसते ते पाहतात, बरं करणं हा तिथला उद्देश नसतो. अमेरिकेतला जेसी गेल्सिंगर नावाचा मुलगा अठरा वर्षांचा होता. त्याचा यकृताचा आजार पथ्यपाण्याने आणि औषधांनी आवाक्यात होता. आपल्याला फायदा नाही, पुढे जन्मणाऱ्या बाळांना होईल, हे समजून तो जनुकोपचाराच्या चाचणीत गेला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये, उपचारानंतर चार दिवसांनी वारला. तो स्वतःहून गेला होता, म्हणून मी पोराचं कौतुक करते. पण पुढे चौकशीत निघालं की तशाच उपचाराच्या प्रयोगांत माकडं दगावल्याचं त्याच्या संमतिपत्रात सांगितलेलंच नव्हतं, आणि मुख्य संशोधकाचा संबंधित कंपनीत आर्थिक हितसंबंध होता. मग त्याच्या ‘हो’ला काय अर्थ उरला? दडपणाखालचा ‘हो’ आणि अर्धवट माहितीवरचा ‘हो’, दोन्ही माझ्या लेखी सारखेच.

म्हणून तू भरलेला फॉर्म मी फाडला. रागाने नाही. नवा मागवला आहे, तो मी स्वतः भरीन, माझे प्रश्न लिहून काढले आहेत. आधी कुणाला काय त्रास झाला, पैसा कुणाचा, मध्येच सोडता येतं का. उत्तरं पटली तर सही करीन. माझ्या अंगावर प्रयोग करायला माझी हरकत नाही. ते अंग माझं आहे. तोवर चालू आहेत ती इंजेक्शनं, आणि दात्यांच्या नोंदवहीत शोध. तिथे कुणी अनोळखी माणूस जुळला आणि आपणहून आला, तर त्याचे उपकार घेताना मला जड जाणार नाही.

अमेय रविवारी येतो आहे. मी त्याला वेगळ्याच कामासाठी बोलावलंय, पंखा आवाज करतो. तूही ये. दवाखान्याचं नाव काढायचं नाही, आणि त्याच्याकडे बघून उसासेही सोडायचे नाहीत. तुझे उसासे शेजारच्या खोलीत ऐकू येतात.

तुझी,
आई

ता. क. – बाळाच्या नाळेचं रक्त माझ्यासाठी ठेवायचं तुझ्या मनात आहे. डॉक्टर म्हणाले, एका नाळेतल्या पेशी मोठ्या माणसाला बहुधा पुरत नाहीत. त्यांनी हेही सांगितलं की नाळ लगेच न कापता मिनिटभर थांबलं, तर त्यातलं बरंचसं रक्त बाळाच्याच अंगात जातं. तसंच करायला सांग त्यांना. ते आधी त्याचं आहे. त्यातूनही उरलं आणि घेता आलं, तर सार्वजनिक बँकेला देऊन टाक.